वडिलोपार्जित शेतजमिनीत मुलीचा हक्क

खातेदार निवर्तल्यानंतर सात-बारा उताऱ्यावर मुलांची नावे लागतात आणि सासरी नांदणाऱ्या मुलीचे नाव राहून जाते, असे अनेक गावांत आढळून येते. लग्नात खर्च केला, दागिने दिले, आता तिचा शेताशी संबंध उरला नाही, अशी समजूत त्यामागे असते. ही समजूत कायद्याला धरून नाही. अशा अपुऱ्या नोंदींमुळे पुढे खरेदी-विक्री अडते, भूसंपादनाचा मोबदला वादात सापडतो आणि भावा-बहिणींत दावे उभे राहतात. म्हणून या विषयातील कायदा शेतकऱ्यांनी व ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

कायदा कसा बदलत गेला

हिंदू उत्तराधिकार अधिनियम १९५६ साली अमलात आला. मूळ कायद्यात एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्मतः हक्क फक्त मुलांना होता. मुलीला वाटा मिळे तो वडिलांच्या मृत्यूनंतर, त्यांच्या हिश्शातून. महाराष्ट्राने १९९४ साली दुरुस्ती करून मुलीलाही सहदायाद केले. मात्र त्यापूर्वी विवाह झालेल्या मुली तिच्यातून वगळल्या होत्या. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राची दुरुस्ती देशभर लागू झाली. तिने विवाहित-अविवाहित हा भेद काढून टाकला, मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला आणि शेतजमिनीच्या वारसाहक्काला काही बाबतीत असलेला अपवादही रद्द केला.

तरीही एक प्रश्न उरला. २००५ पूर्वी वडील वारले असतील तर काय? या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाच्या २०१५ व २०१८ च्या निकालांत मेळ नव्हता. ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या प्रकरणात तीन न्यायाधीशांच्या पीठाने निर्णय दिला की, हा हक्क जन्माने प्राप्त होतो. सबब २००५ साली वडील हयात असणे आवश्यक नाही.

हिश्शाचा हिशेब

एका कुटुंबाची वडिलोपार्जित जमीन ८ एकर असून वडील, आई, दोन मुलगे व एक मुलगी अशी माणसे आहेत असे समजू. वडील मृत्युपत्र न करता वारले. जुन्या नियमाने वडील, आई व दोन मुलगे यांचे प्रत्येकी २ एकर धरले जात. नंतर वडिलांचे २ एकर चौघा वारसांत वाटले जाऊन मुलीस २० गुंठे मिळत आणि आई व मुलगे यांस प्रत्येकी अडीच एकर. आता मुलगीही मुलांच्या बरोबरीने धरली जाते. त्यामुळे पाच समान हिस्से पडून वडिलांचा हिस्सा पुन्हा चौघांत विभागला जातो व प्रत्येकास २ एकर येतात.

मर्यादा कोणत्या

२० डिसेंबर २००४ पूर्वी झालेली विक्री, नोंदणीकृत वाटप किंवा न्यायालयाच्या हुकूमनाम्याने झालेले वाटप या हक्कामुळे उलटत नाही. तोंडी वाटपाची सबब मात्र सार्वजनिक दस्तऐवजांचा भक्कम पुरावा असल्याखेरीज सहसा मान्य होत नाही. वडिलांना स्वतःचा हिस्सा व स्वकष्टार्जित जमीन मृत्युपत्राने कोणासही देता येते. मुलीचा जन्मसिद्ध हिस्सा देता येत नाही. हा कायदा हिंदू, बौद्ध, जैन व शीख यांना लागू आहे. अनुसूचित जमातींना तो केंद्र शासनाने अधिसूचना काढल्याखेरीज लागू होत नाही.

काय करावे

१. खातेदाराच्या मृत्यूनंतर तीन महिन्यांच्या आत गावच्या तलाठ्याकडे (आताचे ग्राम महसूल अधिकारी) वर्दी द्यावी. मृत्यूच्या दाखल्यासोबत सर्व वारसांची नावे द्यावीत. विवाहित मुलींची नावे वगळू नयेत.

२. नाव राहून गेले म्हणून हक्क जात नाही. फेरफार नोंद मुख्यतः महसुलासाठी असते. तिने मालकी निर्माण होत नाही व नष्टही होत नाही.

३. बहिणीस हिस्सा सोडावयाचा असल्यास तो तिने स्वखुशीने, नोंदणीकृत हक्कसोडपत्राने सोडावा. साध्या कागदावरील सही-अंगठा पुरेसा नाही. सही करण्यापूर्वी दस्त तिला वाचून दाखवावा.

४. सर्वांची संमती असल्यास महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ अन्वये तहसीलदारांकडे वाटपाचा अर्ज करता येतो. हक्काविषयीच वाद असल्यास तो दिवाणी न्यायालयात न्यावा लागतो.

वाटप म्हणजे प्रत्येक वेळी बांध घालून जमिनीचे तुकडे करणे नव्हे. नावे सामाईक ठेवून जमीन एकाने कसावी व उत्पन्नाचा वाटा इतरांस द्यावा, अशी लेखी व्यवस्था करता येते. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी वारस नोंदीच्या वेळी कुटुंबातील मुलींची नावे आवर्जून विचारावीत आणि त्यांना नोटीस पोचली की नाही याची खात्री करून घ्यावी.