घडी मुलाने घालावी

माझी सहा वर्षांची नात पर्युषणानंतर दौंडहून शिरूरला आली होती. एके दुपारी ती कागदाची होडी करू लागली. परंतु कडेवर कड काही बसेना. आयुष्यभर बँकेत पैशापैशाचा हिशेब जुळविलेल्या मला ते वाकडेपण पाहवले नाही. कागद घेऊन मीच होडी पूर्ण केली. ती म्हणाली, ‘‘ही तर तुमची झाली, नानाजी.’’ होडी तिथेच ठेवून ती अंगणात निघून गेली.

ते वाक्य मनाला लागले. मग ओरिगामीविषयी वाचू लागलो. आपल्याच जिल्ह्यातील ओतूरचे डॉ. अनिल अवचट (१९४४–२०२२) या कलेत रमलेले होते. जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रोबेल यांनी एकोणिसाव्या शतकातच बालशिक्षणात कागदाच्या घड्यांना स्थान दिले होते आणि टी. सुंदर राव यांचे घड्यांतून भूमिती शिकविणारे पुस्तक १८९३ मध्ये मद्रासला प्रसिद्ध झाले. चौरस कर्णावर दुमडला की अर्धा म्हणजे काय, हे व्याख्येवाचून कळते. एका हाताने कागद धरायचा, दुसऱ्या हाताच्या नखाने घडी दाबायची. पुढे लेखणी धरणाऱ्या बोटांची हीच पूर्वतयारी. तीन वर्षांच्या मुलाला मात्र घड्यांचा आग्रह नको. त्याला कागद चुरगाळू द्यावा, फाडू द्यावा.

इथे घरातून आक्षेप आला. ज्ञानपंचमीला ज्ञानाची आराधना करायची आणि एरवी अक्षरांचा कागद फाडायचा, ही ज्ञानाची आशातना नव्हे का? सौभाग्यवतींचे म्हणणे रास्तच होते. आम्ही लग्नपत्रिकांची पाकिटे उलगडून त्यांची कोरी बाजू वापरू लागलो. नाव-पत्ता लिहिलेला भाग आधीच अलगद काढून ठेवतो. कापडाच्या दुकानातील खोक्यांतही कोरा कागद निघतो. विकतच्या तयार ‘प्रोजेक्ट’ संचाची गरज उरली नाही. (तो संच बहुधा पालकच रात्री जागून पूर्ण करतात, हे सर्वांना ठाऊक आहे!)

दिवाळीत नात पुन्हा आली. या वेळी माझा कागद वेगळा, तिचा वेगळा. मी सावकाश एक घडी घालायची आणि थांबायचे. तिच्या कागदाला हात लावायचा नाही. हे थांबणे मला फार जड गेले. तीन कागद बिघडले, एकदा ती रुसलीही. चौथी होडी परातीतल्या पाण्यात सोडली, तेव्हा ती एका बाजूला कलली, पण तरंगली. दौंडला परतताना ती होडी तिने वाळवून वहीत ठेवून नेली.