भूमिकाखेळांच्या दोन तऱ्हा

शिमगा आला की रत्नागिरी जिल्ह्यात गावोगावी पालख्या निघतात आणि अंगणाअंगणांतून नमनाचे खेळे उभे राहतात. मृदंगावर थाप पडते. गणपतीचे सोंग येऊन जाते. मागून गवळणी, पेंद्या आणि मावशी येतात. काळा वेष व उंच टोपी घातलेला संकासुर लहान मुलांच्या अंगावर धावून जातो. दिवसा शेतात राबणारा किंवा होडीवर जाणारा माणूस रात्री देव होतो, राक्षस होतो. या कलावंतांना कोकणात 'खेळे' म्हणतात, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. दुसऱ्याचे सोंग घेणे हा मुळात एक खेळच होय, हे आपल्या लोकांनी फार पूर्वीपासून ओळखले होते.

याच भूमीच्या दक्षिण भागात, म्हणजे १९८१ साली वेगळ्या झालेल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात, जत्रेच्या रात्री दशावतार रंगतो. दशावताराच्या नटाजवळ लिहिलेली संहिता नसते. कथा पुराणातली असते आणि शेवटी कोण जिंकणार, हे प्रेक्षकांतील लहान मुलालाही ठाऊक असते. परंतु राक्षसाने देवाला कोणत्या शब्दांत आव्हान द्यावे आणि देवाने त्याला काय उत्तर करावे, हे नट रंगमंचावर उभ्या उभ्या ठरवतात. कथा ठरलेली, बोलणे मात्र मोकळे! कोणत्याही सोंगाच्या खेळाविषयी विचारावयाचे दोन प्रश्न यातून निघतात. पुढे काय घडावे, हे कोणी ठरवायचे? आणि आपण घेतलेल्या सोंगाने कसे वागावे, हे कोणी ठरवायचे?

संगणकावर आणि दूरदर्शन-संचाला जोडलेल्या यंत्रांवर जे खेळ खेळले जातात, त्यांपैकी एका प्रकाराला 'रोल-प्लेइंग गेम' असे नाव आहे. मराठीत त्याला भूमिकाखेळ म्हणता येईल. या खेळात खेळाडू एखाद्या योद्ध्याची, मांत्रिकाची किंवा प्रवाशाची भूमिका घेतो. त्या पात्राचे बळ, चपळाई, बुद्धी हे सारे गुण आकड्यांनी मोजलेले असतात. जसजसे पात्र संकटांना तोंड देते तसतसा त्याचा अनुभव वाढतो आणि आकडेही वाढतात. आरंभी लहानशा प्राण्यापुढे हतबल होणारे पात्र शेवटी महाकाय राक्षसाशी झुंजते. या खेळांचे दोन मोठे संप्रदाय आहेत : एक जपानी आणि दुसरा पाश्चात्त्य. दोघांचे मूळ मात्र एकच, आणि त्या मुळाशी संगणक नव्हता.

१९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन या दोघांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा खेळ प्रसिद्ध केला. त्याला कागद, पेन्सिल आणि फासे एवढेच साहित्य लागे. चारपाच मित्र मेजाभोवती बसत. त्यांतला एक जण निवेदक होई आणि सांगे, "तुमच्यापुढे एक जुना किल्ला आहे. दरवाजा बंद आहे." बाकीचे आपापल्या भूमिकेत शिरून उत्तर देत. कोणी दार फोडू पाही, कोणी भिंत चढू पाही, तर एखादा दारावर टकटक करून नम्रपणे आत येण्याची परवानगी मागे! प्रयत्न साधला की फसला, हे फाशांवर ठरे. निवेदकाला मात्र प्रत्येकाचे म्हणणे ऐकून कथा पुढे न्यावी लागे. दशावतारातील नटाला जसे हजरजबाबी असावे लागते, तसेच येथेही होते. फरक इतकाच, की येथे कथेचा शेवटही कोणाला ठाऊक नसे.

हा खेळ संगणकावर आणण्याची इच्छा अनेकांना झाली. पण त्यात एक मोठी अडचण होती. संगणक हिशेब चटकन करतो. त्याला ऐनवेळी कथा मात्र रचता येत नव्हती. दारावर टकटक करणाऱ्या खेळाडूला काय उत्तर द्यावे, हे आधी कोणी तरी लिहून ठेवलेले नसेल तर यंत्र गप्पच राहणार. म्हणून सुरुवातीच्या खेळांनी जे जमण्यासारखे होते तेवढेच घेतले. १९८१ साली अमेरिकेत दोन प्रसिद्ध खेळ निघाले. कॉर्नेल विद्यापीठातील अँड्र्यू ग्रीनबर्ग आणि रॉबर्ट वुडहेड यांनी 'विझर्ड्री' रचला. त्यात अंधाऱ्या भुयारांत फिरावे लागे. टेक्सासमधील रिचर्ड गॅरियट या तरुणाने 'अल्टिमा' रचला. त्यात डोंगर, समुद्र आणि गावे यांनी भरलेला एक विस्तीर्ण प्रदेशच खेळाडूपुढे पसरलेला असे.

जपानमध्ये तेव्हा हा प्रकार फारसा कोणाला माहीत नव्हता. तो तेथे रुजवण्यास आरंभी हातभार लावला तो जन्माने डच असलेल्या हेंक रॉजर्स याने. त्याचा 'द ब्लॅक ऑनिक्स' हा खेळ १९८४ साली जपानी भाषेत निघाला. परंतु हा प्रकार घराघरांत नेण्याचे श्रेय युजी होरी या लेखकाकडे जाते. होरीने विझर्ड्री आणि अल्टिमा हे दोन्ही खेळ आवडीने खेळले होते. एकातील लढाईची तऱ्हा आणि दुसऱ्यातील प्रदेशभ्रमण त्याने उचलले आणि १९८६ च्या मे महिन्यात 'ड्रॅगन क्वेस्ट' हा खेळ प्रसिद्ध झाला.

उचललेली वस्तू दुसऱ्या मातीत रुजली म्हणजे तिचे रूप बदलते. अमेरिकेतील खेळ संगणकावर चालत. त्याला पुरा कळफलक असे आणि अल्टिमात तर कळफलकावरील निरनिराळ्या अक्षरांना निरनिराळी कामे नेमून दिलेली होती. जपानी मुलांच्या घरी होता तो निन्तेन्दो कंपनीचा 'फॅमिकॉम'. हे १९८३ साली विक्रीस आलेले छोटे यंत्र होते. त्याच्या हातात धरावयाच्या पट्टीवर दिशा दाखवणारी एक फुली आणि मोजकी बटणे होती. एवढ्यावर सारा कारभार भागवायचा! होरीने 'बोला', 'लढा', 'पाहा' अशा आज्ञांची यादीच पडद्यावर मांडली. खेळाडूने तीतून एक निवडावी, बस्स. शिवाय होरी 'शोनेन जंप' या मुलांच्या साप्ताहिकात लिहीत असे. त्याच साप्ताहिकातील चित्रकथांमुळे लाडके झालेले अकिरा तोरियामा यांनी ड्रॅगन क्वेस्टमधील पात्रे रेखाटली. 'ड्रॅगन बॉल'चे जनक ते हेच. साहजिकच जपानी मुले या खेळाकडे एका चित्रकथेकडे वळावे तशी वळली. चित्रकथेत पुढे काय घडावे हे वाचक ठरवत नाही. पण कथेत तो अगदी बुडून जातो. जपानी भूमिकाखेळाची प्रकृती येथेच घडली.

त्या काळी खेळ अर्ध्यावर ठेवून उद्या पुढे चालू करणेही सोपे नव्हते. पहिल्या ड्रॅगन क्वेस्टमध्ये राजा खेळाडूला २० अक्षरांचा एक मंत्र सांगे. तो वहीत उतरवून घ्यायचा आणि दुसऱ्या दिवशी जसाच्या तसा यंत्राला सांगायचा. एक अक्षर चुकले की सारी मेहनत वाया! शुद्धलेखनाचे महत्त्व त्या मुलांना वेगळे सांगावे लागले नसेल. १९८८ च्या फेब्रुवारीत या मालिकेतील तिसरा खेळ विक्रीस आला, तेव्हा पुष्कळ मुले शाळा बुडवून दुकानांपुढच्या रांगांत उभी राहिली आणि पोलिसांना त्यांना समज द्यावी लागली. शाळा बुडवण्याचे समर्थन कोणीही करणार नाही. परंतु मुलांवर या कथांची केवढी मोहिनी पडली होती, हे यावरून कळते.

पहिल्या ड्रॅगन क्वेस्टच्या शेवटी एक गमतीचा प्रसंग आहे. नायकाने सोडवून आणलेली राजकन्या त्याला विचारते, की मलाही आपल्याबरोबर प्रवासाला न्याल ना? पडद्यावर 'होय' आणि 'नाही' अशी दोन उत्तरे दिसतात. खेळाडूने 'नाही' म्हटले तर राजकन्या खिन्न होते आणि पुन्हा तोच प्रश्न विचारते. पुन्हा 'नाही' म्हणावे, तर पुन्हा तेच. शंभर वेळा नकार दिला तरी कथा तसूभरही पुढे सरकत नाही. शेवटी 'होय'च म्हणावे लागते. निवड दिली आहे खरी, पण ती नावापुरती!

यावरून जपानी खेळ खेळाडूला केवळ बाहुले समजतात असा ग्रह कोणी करून घेईल, तर तो बरोबर होणार नाही. ठरलेल्या कथेत जे सामर्थ्य असते ते मोकळ्या कथेत आणणे कठीण आहे. १९९७ साली 'फायनल फँटसी' या मालिकेतील सातवा खेळ निघाला. ही मालिका हिरोनोबु साकागुची याने १९८७ साली सुरू केली होती. सातव्या खेळात एरिथ नावाची एक फुले विकणारी मुलगी नायकाची सोबतीण होते. खेळाडू तासन्‌तास तिच्यासह प्रवास करतो, तिला शस्त्रे मिळवून देतो, तिचे बळ वाढवतो. आणि कथेच्या मध्यावर खलनायक तिला ठार मारतो. खेळाडूच्या हातात त्या क्षणी काहीच नसते. तिचे वाढवलेले बळ, तिच्यासाठी खर्चिलेले कष्ट, सारे तिच्याबरोबर जाते. जगभरातील मुलांनी तिला वाचवण्याची काही गुप्त युक्ती असेल म्हणून शोध शोध शोधले. तशी युक्ती नव्हतीच. पुस्तकातील पात्र मरते तेव्हा वाचकाला वाईट वाटते. परंतु येथे आपण जपलेले माणूस गेले असे खेळाडूंना वाटले, आणि कित्येकांना रडू आवरले नाही. मृत्यूपुढे माणसाचे काही चालत नाही, ही गोष्ट त्यांना त्या खेळाने दाखवली. एरिथला वाचवण्याचा मार्ग ठेवला असता, तर ही कथा एवढी कोणाच्या स्मरणात राहिली असती काय?

पाश्चात्त्य संप्रदाय याच्या उलट दिशेने गेला. तेथे आधी प्रश्न येतो तो 'तू कोण होणार?' असा. अमेरिकेत २०११ साली निघालेल्या 'स्कायरिम' या खेळात खेळाडू दहा वंशांपैकी एक निवडतो, स्वतःचा चेहरा घडवतो आणि बर्फाळ डोंगरांच्या देशात मोकळा सोडला जातो. आकाशात अग्निसर्प घिरट्या घालीत असले तरी खेळाडूने वाटल्यास वनस्पती गोळा कराव्यात, औषधे बनवून विकावीत, नाही तर चोरी करावी. चोरी पकडली गेली तर शिपाई येऊन दंड मागतात किंवा तुरुंगात टाकतात. कथा वाट पाहत थांबते. साहजिकच ती कथा एरिथच्या कथेएवढी घट्ट विणलेली नसते. गावचा कारभार कोसळत असता नायक फुले वेचत बसला आहे, असे विनोदी दृश्य तेथे नेहमीचेच.

परंतु मोकळीक दिली म्हणजे जबाबदारीचा प्रश्न येतोच. तो गॅरियटपुढे फार लवकर आला. त्याच्या पहिल्या काही खेळांत दुष्टाचा नाश केला की खेळाडू जिंकत असे. मग वाटेत त्याने काय केले, याचा जाब कोणी विचारीत नसे. पुढे खेळाडूंची पत्रे थेट त्याच्या हाती येऊ लागली. त्यांवरून त्याला कळले, की पुष्कळ जण दुकाने लुटून आणि निरपराध गावकऱ्यांना मारून झटपट बलवान होतात आणि मग 'नायक' म्हणून मिरवतात. १९८५ साली त्याने 'अल्टिमा'चा चौथा खेळ रचला, तो अगदी निराळा. त्यात मारावयाचा कोणी महादुष्ट नाही. प्रामाणिकपणा, करुणा, शौर्य, न्याय, त्याग, प्रतिष्ठा, अध्यात्म आणि विनय हे आठ गुण अंगी बाणवणे, हेच खेळाचे ध्येय. खेळात औषधी वस्तू विकणारी एक आंधळी बाई भेटते. किती पैसे द्यायचे हे खेळाडूने स्वतः सांगायचे असते. कमी पैसे देऊन चालते व्हावे तर ती काही बोलत नाही, शिपाई धावत नाहीत, पडद्यावर काहीच दिसत नाही. पण यंत्र गुपचूप नोंद ठेवते, आणि कित्येक तासांनंतर त्या खेळाडूला प्रामाणिकपणाच्या मंदिरात ठरायला जागा मिळत नाही.

आठही गुण मिळवणाऱ्या या नायकाला काय म्हणावे? गॅरियटने त्यासाठी शब्द निवडला तो 'अवतार'! हिंदू धर्मातील कल्पनेवरून तो आपण घेतल्याचे त्याने सांगितले आहे. आज खेळाडूच्या पडद्यावरील रूपाला जगभर 'अवतार' म्हणतात. ज्या शब्दावरून कोकणातील दशावताराला नाव मिळाले, तोच हा शब्द. आपल्या पुराणकथांचे वातावरण घेऊन पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने २०२० साली 'राजी' नावाचा खेळ तयार केला आहे. हरवलेल्या भावाला शोधणाऱ्या मुलीची ती कथा दुर्गा आणि विष्णू सांगतात. तो काटेकोर अर्थाने भूमिकाखेळ नव्हे. पण ठरलेली कथा आणि ठरलेली नायिका पाहता तो जपानी तऱ्हेला अधिक जवळचा वाटतो.

या दोन तऱ्हा म्हणजे दोन देशांच्या सीमा नव्हेत, हेही सांगितले पाहिजे. पोलंडमध्ये २००७ साली सुरू झालेल्या 'विचर' या मालिकेत नायक आधीच ठरलेला आहे. आंद्रेय सापकोव्स्की या लेखकाच्या कथांतून तो आला आहे. तथापि त्याने काय करावे, हे बरेचसे खेळाडूवर सोपवलेले असते. म्हणजे कथेतील पात्र ठरलेले आणि वागणूक मोकळी. दशावताराच्या नटाला ही व्यवस्था ओळखीची वाटेल, जरी त्याच्याएवढे स्वातंत्र्य या खेळात नाही. येथे आधी लिहून ठेवलेल्या दोनचार वाक्यांतूनच एक निवडायचे असते. उलट, जपानमधील 'डार्क सोल्स' हा २०११ सालचा खेळ. त्यात खेळाडू आपला नायक स्वतः घडवतो, आणि कथा तर त्याला कोणी सरळ सांगतच नाही. एखाद्या जुन्या तलवारीवरील दोन ओळी, एखाद्या म्हाताऱ्याचे अर्धवट बोलणे, पडके मंदिर, एवढ्यांवरून त्याने ती जुळवायची.

हा खेळ घडवणारे हिदेताका मियाझाकी लहानपणी बेताच्या परिस्थितीत वाढले. घरी पुस्तके विकत घेण्याची ऐपत नसल्याने ते वाचनालयातून पुस्तके आणीत. त्यांतली पाश्चात्त्य अद्भुतकथांची पुस्तके त्यांच्या वयाच्या मानाने अवघड असत आणि कित्येक भाग त्यांना कळतच नसे. तेथे ते थांबत नसत. सोबतची चित्रे पाहून, मध्ये काय घडले असेल ते मनानेच रचून ते पान उलटीत.