स्विच कुठे हवा? आईला विचारा!

कंधार म्हटलं की लोक भुईकोट किल्ल्याचा विषय काढतात. मला मात्र यंदा तिथे वेगळाच किल्ला लढवायचा होता. आईचं स्वयंपाकघर! जुना कडप्प्याचा ओटा जाणार, ग्रॅनाइट येणार, ट्रॉल्या येणार. पुण्यात बसून मी लॅपटॉपवर सॉलिड प्लॅन काढला. सगळे बोर्ड एका रेषेत, टाइल्सना मॅचिंग. एकदम कूल!

वायरमन काकांनी प्लॅनप्रमाणे भिंतीवर खडूने चौकोन आखले. झिऱ्या पाडणार, एवढ्यात आई म्हणाली, "थांबा जरा." ती ओट्यासमोर उभी राहिली आणि चक्क खोटा-खोटा स्वयंपाक करायला लागली. एक हात कढईत, दुसरा मिक्सरच्या बटणाकडे. तिचा पदर थेट शेगडीवरून गेला. माझा मॅचिंग बोर्ड बरोब्बर गॅसच्या मागे होता!

"जुना बोर्ड पण तिथंच होता की," आई सहज म्हणाली. "दोनदा पदर पेटता पेटता राहिला."

बाप रे! इतकी वर्षं त्याच घरात जेवले, पण हे मला माहीतच नव्हतं.

मग लॅपटॉप बंद. आईचा हात जिथे जाईल तिथे खडू. मिक्सरचा बोर्ड शेगडी आणि सिंक, दोन्हींपासून दोन फूट लांब, ओट्याच्या वर आठ-दहा इंचांवर. चिमणीचा सॉकेट वर, पण बटण खाली, बाजूला. फ्रिजचा स्विच फ्रिजच्या मागे नाही, हाताशी. नाहीतर शॉक बसायला लागला तर आधी फ्रिज ढकलायचा का?

थोडं गणितही झालं. २३० व्होल्टवर ६ अँपिअरच्या सॉकेटला १,३८० वॉट झेपतात. साडेसातशे वॉटचा मिक्सर त्यावर खुशाल चालवा. २,००० वॉटच्या इंडक्शनला मात्र १६ अँपिअरचाच सॉकेट हवा आणि निदान २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर. एकाच एक्स्टेंशनवर इंडक्शन, किटली, ओव्हन असा संसार मांडू नका. अर्थिंग तपासून घ्या आणि मेन बोर्डात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवा. ओल्या हाताने शॉक बसलाच, तर ती क्षणात लाइन तोडते.

तुमच्याही घरी किचनचं काम निघालंय? टाइल्स लागायच्या आधी घरात रोज रांधणाऱ्या माणसाला, मग ती आई असो की बाबा, रिकाम्या ओट्यापाशी उभं करा. खडूची रेघ पुसायला एक फडकं पुरतं. टाइल्स लागल्यावर मात्र भिंत फोडावी लागते.

आमच्या किचनमधले बोर्ड आता एका रेषेत नाहीत. फोटो काही खास येत नाही. पण परवा फोनवर मागे मिक्सर घरघरत होता, फोडणी तडतडत होती, आणि मला पहिल्यांदाच काळजी वाटली नाही.