कृष्णविवराची गाळलेली बाजू

बोरिवलीच्या एका वाचकानं नेमका प्रश्न विचारला आहे. टीव्हीवरच्या माहितीपटांत कृष्णविवराभोवतीचं कडं बहुधा सगळीकडून सारखंच झळाळतं. मग १० एप्रिल २०१९ रोजी जाहीर झालेल्या एम-८७ दीर्घिकेतल्या कृष्णविवराच्या प्रतिमेत ते एका बाजूला ठळक आणि दुसरीकडे फिकट का?

प्रतिमा बरोबर आहे. विवराभोवतीचा वायू प्रकाशवेगाशी स्पर्धा करत फिरतो, म्हणजे एका बाजूनं तो आपल्याकडे येतो आणि दुसरीकडे दूर जातो. जोगेश्वरीला न थांबणारी फास्ट लोकल जवळ येताना तिच्या हॉर्नचा सूर चढतो आणि पुढे गेली की उतरतो. प्रकाशाचं याहून थोडं जास्त होतं: आपल्याकडे येणाऱ्या वायूचा रंग निळ्याकडे सरकतो, शिवाय त्याचं तेजही वाढतं.

मग सारखं कडं आलं कुठून? माझा संशय ‘इंटरस्टेलर’वर आहे. २०१४च्या या चित्रपटासाठी लंडनच्या ‘डबल निगेटिव्ह’ या दृश्यपरिणाम करणाऱ्या कंपनीनं भौतिकशास्त्रज्ञ किप थॉर्न यांची समीकरणं वापरून कृष्णविवर रेखाटलं. गणितातून एक बाजू उजळ आणि निळसर आली होती, पण प्रेक्षक गोंधळतील म्हणून दिग्दर्शक नोलन यांनी ती गाळली. हे लपवलं मात्र नाही. थॉर्न आणि ‘डबल निगेटिव्ह’च्या २०१५च्या शोधनिबंधात त्याची कबुली आहे. माहितीपटवाल्यांनी कडं उचललं, कबुली तिथेच राहिली.

या सगळ्यात जाँ-पिएर ल्युमिने यांचं नाव क्वचितच ऐकू येतं. या फ्रेंच शास्त्रज्ञानं १९७९ सालीच असं चित्र काढलं होतं. आकडेमोड पंचकार्डांवर चालणाऱ्या आयबीएम ७०४० संगणकाची. पण चित्र छापून देणारं यंत्र हाताशी नव्हतं, म्हणून पठ्ठ्यानं शाईचे ठिपके स्वतःच्या हातानं, एकेक करून दिले! जिथे प्रकाश जास्त तिथे ठिपके दाट. मग निगेटिव्ह उलटवली की काळ्याचं पांढरं. त्या चित्रात एक बाजू ठळक होती. चाळीस वर्षांनी दुर्बिणींनीही तेच दाखवलं.

सुंदर संगणकीय चित्रांना माझा विरोध नाही. त्यांच्याशिवाय कृष्णविवर टीव्हीवर दाखवणार कसं? पण सोयीसाठी काय गाळलं, हे निवेदकानं एका वाक्यात सांगायला हरकत नसावी. ‘नासा’नं २०१९मध्ये केलेलं कृष्णविवराचं चलचित्र इंटरनेटवर मोफत आहे. त्यात डावी बाजू जास्त उजळ दिसते. मुलांना आधी ते दाखवा.