जनमत कौल : निकाल कसा वाचावा?



जानेवारी आला की १९६७ च्या जनमत कौलाची चर्चा होते. डिचोली, पेडणे, सत्तरी या तालुक्यांनी विलीनीकरणाच्या बाजूने बहुमत दिले होते, निकाल मात्र उलट लागला. म्हणून "म्हणजे आपले गाव हरले का?" असे मुले विचारतात. आम्हाला वाटते, आधी आकडे पाहावेत.

गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हावे की संघप्रदेश राहावे, एवढाच प्रश्न होता. विलीनीकरणाची निशाणी फूल, संघप्रदेशाची दोन पाने. मतदान निःपक्षपाती व्हावे म्हणून मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या सरकारने आधीच राजीनामा दिला. १६ जानेवारीला मतदान झाले.

एकूण मतदान : ३,१७,६३३
संघप्रदेश : १,७२,१९१
विलीनीकरण : १,३८,१७०
बाद : ७,२७२

फरक ३४,०२१ मतांचा. मात्र दोनच महिन्यांनी, मार्चमध्ये, विधानसभेच्या ३० पैकी १६ जागा विलीनीकरणवादी मगो पक्षाने जिंकल्या व भाऊसाहेब पुन्हा मुख्यमंत्री झाले! हे कसे?

एक तर प्रश्न वेगळा होता : तेव्हा गोव्याचे स्थान, आता राज्यकारभार कोणी करावा. दुसरे, मोजण्याची रीत वेगळी. कौलात साऱ्या गोव्याची मते एकत्र धरली. विधानसभेत प्रत्येक मतदारसंघ स्वतंत्र असतो. अमेरिकेत २००० साली असेच घडले. देशभरात अल गोर यांना सुमारे पाच लाख मते जास्त होती, पण फ्लोरिडा राज्यात बुश ५३७ मतांनी पुढे राहिले. त्या राज्याचे सर्व २५ निर्वाचक त्यांना मिळाले आणि तेच राष्ट्राध्यक्ष झाले.

कौल मनाविरुद्ध गेला, तरी भाऊसाहेबांनी १९७३ मध्ये निधन होईपर्यंत त्याच संघप्रदेशाचा कारभार केला. पुढे ३० मे १९८७ रोजी गोवा घटक राज्य झाले. त्याच वर्षीच्या कायद्याने कोकणी राजभाषा झाली व शासकीय कामात मराठीच्या वापराचीही तरतूद झाली. म्हणजे कौलाने सीमा ठरवली, मराठी संपवली नाही. ती टिकवणे आपल्या वाचनावर व लेखनावर अवलंबून आहे.

तेव्हा मताधिकार २१ व्या वर्षी मिळे. त्या दिवशी मत दिलेले आजी-आजोबा घरात असतील तर त्यांच्याकडून आठवणी ऐका, वहीत लिहून आणा. फूल की पान, हे त्यांना सांगायचे नसेल तर आग्रह धरू नका. मत गुप्त असते, हाही नागरिकशास्त्राचाच धडा आहे.

– मुख्याध्यापक