गव्हाणी घुबड

श्रोतेहो, दिवेलागण होऊन आपण व्याख्यानाला येऊन बसतो, त्याच सुमारास एखाद्या पडक्या वाड्याच्या आढ्यातून, देवळाच्या कोनाड्यातून किंवा जुन्या विहिरीच्या कपारीतून एक फिकट पांढरा पक्षी बाहेर पडत असतो. हे गव्हाणी घुबड. माणसाच्या इतक्या निकट राहून इतका बदनाम झालेला शेजारी विरळाच.

लांबीने हा फूटभराहून थोडा अधिक. पाठ सोनेरी-राखी, पोट पांढरे, आणि चेहरा पत्त्यांतील बदामाच्या आकाराचा. हा चेहरा शोभेसाठी नाही. त्यावरील ताठ पिसे आवाज गोळा करून कानांकडे वळवतात. कानांची छिद्रेही समपातळीत नसतात, एक वर तर दुसरे खाली. त्यामुळे खुडबूड उजवीकडे की डावीकडे एवढेच नव्हे, तर वर की खाली, हेही त्याला उमगते. रॉजर पेन या अमेरिकन शास्त्रज्ञाने पूर्ण अंधाऱ्या खोलीत उंदीर सोडून हे पडताळले आणि १९७१ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. घुबडाने केवळ पाचोळ्यातील सळसळीवरून उंदीर धरला होता! उंदराला मात्र काही ऐकू येत नाही, कारण घुबडाच्या पंखांना मऊ लव आणि कडेला दातेरी झालर असते.

उंदीर ते बहुधा सबंधच गिळते आणि न पचलेली हाडे व केस यांची गोळी ओकून टाकते. ती गोळी पाण्यात भिजवून उकलावी. आत उंदरांच्या व चिचुंद्र्यांच्या कवट्या मिळतात. याहून स्वस्त प्रयोगशाळा नाही.

याचा आवाज ‘घू घू’ नव्हे, कर्कश किंचाळी असते, आणि पिले फुसफुसतात. ओसाड घरांतील कितीतरी भुते एवढ्यावरच जगली असावीत. मादी एक-दोन दिवसांआड एक याप्रमाणे अंडी घालते व पहिल्यापासूनच उबवते, म्हणून एकाच घरट्यात मोठे पिलू आणि नुकतेच जन्मलेले पिलू शेजारी दिसतात. अन्न कमी पडले तर धाकटे मरते.

१९७२च्या वन्यजीव कायद्याने घुबडांना संरक्षण आहे. तरी दिवाळीच्या सुमारास जादूटोण्यासाठी ती चोरून पकडली जातात. दुसरा घात आपण नकळत करतो. विष खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, सुस्त होऊन उघड्यावर फिरतो. तो या घुबडाला सहज सापडतो आणि ते विष त्याच्या पोटात जाते. इस्रायलमध्ये १९८३ साली स्दे एलियाहू या वसाहतीत विषाऐवजी घुबडांसाठी लाकडी पेट्या टांगण्यास सुरुवात झाली. आपल्या जुन्या वाड्यांत असे कोनाडे आयतेच होते. डागडुजी करताना गवंडी ते सिमेंटने लिंपून टाकतो.