तिमाही तक्ता कशाला?

सकाळी ९.१०. स्टँडजवळचं झेरॉक्सचं दुकान. बाई दोन पानं पुढं करतात. नऊ प्रती, पानाला दोन रुपये. ३६ रुपये, स्वतःच्या पर्समधून. बाई शिक्षणसेवक आहेत, मानधन महिना १६,०००. वडापचे वीस रुपये वेगळे.

११.१५. आठवीचा वर्ग. पुस्तकं मिटलेली. चौघांत एक प्रत. करवीर सरकारच्या गॅझेटातला २६ जुलै १९०२चा हुकूम : संस्थानच्या नोकऱ्यांत रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी शेकडा ५० मागासलेल्या वर्गांना. फळ्यावर प्रश्न : कुणी लिहिलं? कुणाला? कधी? कशासाठी? मग बाई गप्प. मला विचाराल तर दिवसातलं सगळ्यात कष्टाचं काम हेच.

आधी नुसता कालवा. जुनी भाषा अडते. ‘मागासलेले म्हणजे कोण, बाई?’ कागदातच आहे, शोधा. सापडतं : ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले सोडून बाकी सगळे. ओळीखाली पेन्सिल फिरते.

मागच्या बाकावरची एक मुलगी शेवटाशी थांबलेली. खातेप्रमुखांनी दर तीन महिन्यांनी तक्ता पाठवायचा, असं तिथं आहे.

‘हुकूम दिला की झालं की. तक्ता कशाला?’

‘तुला काय वाटतं?’

‘अधिकारी ऐकायचे न्हाईत, हे म्हाराजांना म्हाईत असणार.’

बाई एवढंच सांगतात, हुकूम निघाला तेव्हा शाहू महाराज इंग्लंडात होते.

‘मग तर तक्ता पायजेच!’

१.२०. खिचडी. वाटपाची नोंदही बाईंकडंच.

२.४०. मुख्याध्यापक कपाट उघडतात. जुनं दाखलखारीज रजिस्टर. पानं ठिसूळ, म्हणून हात धुऊन, पुसून यायचं. मुलं जन्मतारखा उतरवतात. १ जून. १ जून. परत १ जून.

‘एवढी पोरं एकाच दिवशी?’

‘माझ्या आज्ज्याची पण हीच हाय!’

तारीख माहीत नसली की गुरुजी १ जून लिहीत. शाळेचा शिक्का असला तरी कागद तपासायचा, हे आता वेगळं सांगावं लागत नाही.

४.५०. प्रती गोळा होतात. एक फाटलीय, तिला चिकटपट्टी. पुढच्या वर्षी याच वापरायच्या. उद्याचा अभ्यास : घरातला एक जुना कागद उतरवून आणा. सातबारा, लग्नपत्रिका, कारखान्याची उसाची पावती, काहीही. मूळ कागद घरीच ठेवायचा.

तुमच्याही ट्रंकेत असे कागद असतील. रद्दीत घालण्याआधी गावच्या शाळेत एकदा विचारा.